थर्माकोलचा देवमासा

आमच्या सेक्टरमधल्या स्टेशनरीवाल्याला शाळेचं प्रदर्शन जवळ आल्याचं आमच्याआधी कळतं. थंडी पडली, म्हणजे उलव्यात जेवढी पडते तेवढी, सकाळी स्कूटीच्या सीटवर दव आणि समोरच्या टॉवरांचे वरचे मजले धुरक्यात गायब, की तो दुकानाच्या दारात निळे चकचकीत कागद टांगतो. परवा लाल पेनांचं पाकीट घ्यायला गेले तर म्हणाला, "टीचर, या वर्षी पण समुद्रच ना? मग थर्माकोल जास्त मागवतो."

मी म्हटलं, "थर्माकोलवर बंदी आहे."

"म्हणून तर आतल्या खोलीत ठेवतो," तो म्हणाला. इतक्या साधेपणाने म्हणाला की मला चिडताही आलं नाही. पेनं घेतली आणि घरी आले. मग घरी येऊन चिडले.

शाळांचे ऋतू कॅलेंडरवर नसतात. जूनमध्ये नव्या पुस्तकांच्या कव्हरांचा ऋतू, ऑक्टोबरात पेपर तपासण्याचा, आणि डिसेंबर-जानेवारीत हा, निळ्या कागदांचा. या दिवसांत निम्मा पोर्शन शिल्लक असतो, गॅदरिंगच्या तालमींना अर्धा वर्ग गेलेला असतो, उरलेला अर्धा खोकत असतो, आणि भिंतीभिंतीवर 'वाचवा' लिहिलेलं असतं. पाणी वाचवा, झाडं वाचवा, समुद्र वाचवा. मी शास्त्र शिकवते, व्याकरण नाही, पण एवढं कळतं की 'वाचवा' हे आज्ञार्थी आहे. आज्ञा कोणी कोणाला केली हे मात्र कुठल्याच तक्त्यावर लिहिलेलं नसतं. मुलं अक्षरांना कापूस चिकटवतात, आईबाप त्याचे फोटो काढतात, आणि सगळे समुद्र वाचवल्याच्या समाधानात घरी जातात.

निळे कागद लटकलेले दिसले की मला तो हिवाळा आठवतो. फार जुना नाही. विमानतळावरून तेव्हा विमानं उडायला लागली नव्हती, दिवसभर डंपर तेवढे जायचे. माझ्याकडे सातवीचा वर्ग होता, तिसऱ्या मजल्यावरचा. त्या वर्गाच्या खिडकीतून शाळेची मागची भिंत दिसायची, भिंतीपलीकडे तिवरांची हिरवी झाडी, झाडीपलीकडे खाडी, आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी दूर बंदरातल्या क्रेन. असा देखावा दाखवून बिल्डर फ्लॅट विकतात. आमच्या वर्गात त्या खिडकीला पडदा होता, कारण फळ्यावर चमक यायची.

महासागरांचा धडा चालू होता. मुलं हुशार होती. पाच महासागरांची नावं, कोणता किती खोल, सगळं पाठ. विहान नावाचा एक मुलगा होता, टॉवरात वरच्या मजल्यावर राहणारा, तो तर मला समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या अशा माशांची नावं सांगायचा, जी मी कधी ऐकलेली नव्हती. मी सहज विचारलं, "आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र कुठे?"

"गोवा," एक म्हणाला.

"अलिबाग."

"टीचर, मालदीव. आम्ही गेलो होतो."

मी पडदा सरकवला. म्हटलं, "आणि ते काय आहे?"

सगळ्यांनी माना वळवल्या. विहान म्हणाला, "टीचर, वो तो गटर है."

वर्ग हसला. फक्त ऋतुजा घरत हसली नाही. ती इथल्या गावातली, विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतल्या एका घरातली. तिचे आजोबा अजूनही खाडीत जाळं टाकायचे. ती हळूच म्हणाली, "खाडी आहे ती. माझे आजोबा जातात तिथे." आणि मग, जणू काही लाजिरवाणं बोलून गेली असं वाटून, पुस्तकात बघायला लागली.

तिचं ते खाली बघणं मला लागलं. माझे वडील साताऱ्याकडून आलेले, मार्केटात पाठीवर गोणी वाहणारे. शाळेत मला कोणी विचारलं की मीही अशीच खाली बघायचे. तो धडा मी तिथेच थांबवला. म्हटलं, ही गटार आहे की समुद्र, ते आपण बघू. गटाराचं पाणी एकाच दिशेला जातं. हे कुठे जातं त्यावर लक्ष ठेवा.

त्या दिवसापासून पडदा बाजूला राहिला. भिंतीपलीकडे सिमेंटचा एक जुना तुटका खांब चिखलात उभा होता, पाणी त्याच्या किती वर चढतं ते मुलं बघायला लागली. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत खांब बुडालेला आणि शाळा सुटताना उघडा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो अजून थोडा वर होता. तिसऱ्या दिवशी पाणी आणखी उशिरा आलं. एक मुलगी म्हणाली, "टीचर, भरती रोज लेट येते. तिला लेट मार्क लावा." मग उशीर का होतो, यावर चंद्र आला, आणि चंद्र आल्यावर अमावास्या-पौर्णिमा आल्या. पुस्तकातली एक कोरडी आकृती, जी मी दर वर्षी फळ्यावर काढून पुसते, ती त्या खांबावर आपोआप काढली जात होती. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असे आठवडे बोटांवर मोजण्याइतके आले असतील.

अर्थात, असं काही चांगलं चाललं की शाळा मध्ये येतेच.

मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. म्हटलं, मुलांना ओहोटीच्या वेळी खाडीवर न्यायचं आहे, चालत, गेटपासून दहा मिनिटांची वाट. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "चालत कसं नेणार? पॉलिसीप्रमाणे बाहेर जाताना बस लागते."

"मॅडम, तिथे बस जाणार नाही. वाट कच्ची आणि अरुंद आहे."

"मग कसं नेणार?"

तोवर पालकांच्या ग्रुपवर बातमी गेली होतीच. तिथे साप असतात. डास असतात. युनिफॉर्मचे बूट पांढरे आहेत. विहानच्या आईने मला फोन केला. त्या ऐरोलीला एका कंपनीत आहेत, मीटिंगांच्या मधून बोलत होत्या. "टीचर, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

"समुद्र आहे," मी म्हटलं.

"समुद्र आहे, पण चिखल आहे का?"

शेवटी मॅडमनी मधला मार्ग काढला. मुलं खाडीवर जाणार नाहीत, खाडीतला माणूस शाळेत येईल. ऋतुजाच्या आजोबांना, हिराजी आजोबांना, पाहुणे म्हणून बोलावलं. विषय ठरला, 'सागर आणि त्याचं संरक्षण'. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, माईक हातात धरला आणि विषय बाजूला ठेवून त्यांच्या तरुणपणी सापडलेल्या एका जिताड्याची गोष्ट सांगायला बसले. जिताडा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा, लग्नाच्या बोलणीत पाठवण्यासारखा. तो केवढा होता, जाळं कसं फाटलं, तो कोणी कापला, डोकं कोणाच्या वाट्याला गेलं आणि त्यावरून दोन भाऊ किती दिवस बोलत नव्हते, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मॅडम घड्याळ बघत होत्या. अखेर त्यांनी विचारलं, "आजोबा, मुलांना काही संदेश?"

आजोबांनी विचार केला. म्हणाले, "मासा खावा. ताजा खावा."

विहानने हात वर केला. "आता पण मिळतो का तो मासा?"

"हाय की. कमी झालाय. आन खाल्ला का राकेलचा वास येतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरांना हितं बसवून काय सांगताव, टीचर? आना तिकरं. मी दाखवतंव."

मॅडम टाळ्या वाजवून आभार मानायला उठल्या. पण मुलांनी ते ऐकलं होतं.

मग पुढच्या शनिवारी, शाळेचं नाव न घेता, ज्यांच्या पालकांनी हो म्हटलं ती मुलं घेऊन मी गेले. अष्टमीचे दिवस होते, दुपारच्या आत ओहोटी. विहानची आई त्याला सोडायला आली, गाडीची काच अर्धी खाली करून म्हणाली, "फक्त कडेकडेने हं," आणि थांबून राहिली.

चिखलाला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. मुलांनी नाकं धरली, मग थोड्या वेळाने सोडली, कारण नाक धरून बोट दाखवता येत नाही. तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी उभी वर आली होती. झाड त्यांतून श्वास घेतं, हे पुस्तकात होतं. त्या प्रत्येक पेन्सिलीला दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, कुणाच्या देवघरातल्या हाराचा दोरा गुंडाळलेला होता, हे पुस्तकात नव्हतं. एका मुलीने खाली बसून एक पिशवी सोडवली, मग दुसरी, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, हे तर संपणारच नाही." मी तिसरी पिशवी सोडवायला वाकले. खोटं बोलायचं नव्हतं.

तेवढ्यात विहान ओरडला. त्याचा एक बूट चिखलात रुतला होता आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. समोर बोटाएवढी निवटी होती, डोक्यावर फुगलेले डोळे, पुढच्या परांच्या कोपरांवर जोर देत चिखलावरून चालत चाललेली. "टीचर, मासा चालतोय," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "टीचर, चालतोय तो." समुद्राच्या तळाच्या सगळ्या माशांची नावं पाठ असलेला हा मुलगा. स्वतःच्या बाल्कनीखाली मासा चालतो हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. बूट सोडून तो मोज्यावरच पुढे गेला. गाडीतून त्याच्या आईने हाक मारली, त्याने ऐकली नाही.

याच दरम्यान हिराजी आजोबांनी तंबाखूची रिकामी पुडी पाण्यात भिरकावली. सवयीने, न बघता. ऋतुजाने खाली वाकून ती उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. आजोबांनी एकदा तिच्याकडे, एकदा वर्गाकडे बघितलं, पुडी घेऊन शर्टाच्या खिशात घातली, आणि परतेपर्यंत गाल फुगवून होते.

सोमवारी मुलांनी ठरवलं, प्रदर्शनात खाडी मांडायची. मोठ्या टबात खरा चिखल, खरं पाणी, तिवराच्या शेंगा रोवलेल्या, आणि हाताने पाणी वरखाली करून भरती-ओहोटी. मी खुश होते. मॅडम आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण प्रमुख पाहुणे गेटमधून येणार. तिथे आपण देवमासा ठेवतोय."

देवमासा डेकोरेटरने केला होता. थर्माकोलचा, हॉलच्या दारापेक्षा लांब, चकचकीत निळा, पापण्या असलेला. होय, पापण्या असलेला. त्याच्या पोटावर इंग्रजीत लिहिलं होतं की आमचे महासागर वाचवा. मी म्हटलं, "मॅडम, समुद्र वाचवायला थर्माकोल?" त्या म्हणाल्या, "शुभांगी, ऑर्डर गेली आता." शाळेत सगळ्या गोष्टींचं उत्तर हेच असतं. ऑर्डर गेली आता.

मुलांचा टब टॉयलेटशेजारच्या पॅसेजमध्ये लागला. पाहुणे देवमाशाजवळ बराच वेळ थांबले, फोटो झाले. पॅसेजमधून जाताना त्यांनी टबाकडे नजर टाकली आणि म्हणाले, "व्हेरी नाइस, अ‍ॅक्वेरियम आहे का?" ऋतुजा समजावून सांगायला तोंड उघडेपर्यंत ते चहाला गेले होते. तिने पाणी एकदा वर केलं, एकदा खाली केलं, आणि टॉवेलला हात पुसले.

इथपर्यंत झालं ते सगळं नेहमीचं होतं. अशा गोष्टींवर चिडून मी म्हातारी होणार हे मला माहीत होतं. पण त्यानंतरचा सोमवार नेहमीचा नव्हता.

पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. दुसरा तास चालू होता. ऋतुजा खिडकीशी बसायची. ती उभी राहिली आणि बाहेरच बघत राहिली. मी म्हटलं, "काय गं?"

"टीचर, आपला देवमासा."

आम्ही सगळे खिडकीशी गेलो. भिंतीपलीकडे, तिवरांच्या तोंडाशी, निळे तुकडे पडले होते. डोकं एकीकडे, पोट दुसरीकडे, पापणीचा डोळा आभाळाकडे. डेकोरेटरचा टेम्पो सकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळी सजावट काढून गेला होता, आणि भिंतीला वळसा घालून तिथेच रिकामा झाला होता. रात्री टाकलं असतं तर रात्रीच्या भरतीने नेलं असतं आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

"टीचर," विहान म्हणाला, "आज उधाण आहे."

त्याला ते सांगावं लागलं नव्हतं, तो स्वतः सांगत होता. खांबाकडे बघून त्याने हिशेब केला होता, मधल्या सुट्टीनंतर पाणी भिंतीपर्यंत येणार. सगळ्या वर्गाला ते कळत होतं. मीच शिकवलं होतं, आणि त्या क्षणी वाटलं, शिकवलं नसतं तर बरं झालं असतं. निदान ती अशी माझ्याकडे बघत राहिली नसती.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी लगेच डेकोरेटरला फोन लावला, कडक शब्दांत बोलल्या, फोन ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या माणूस पाठवतोय."

"उद्या तिथे काही नसेल, मॅडम. दुपारी भरती आहे."

"अगं, मग मी तरी काय करू? उद्या म्हणाला तो."

मी वर्गात आले. बाजूच्या वर्गातल्या हिंदीच्या टीचरना म्हटलं, माझ्या मुलांकडे बघा. ऋतुजाकडून आजोबांचा नंबर घेतला. मुलं म्हणाली, आम्ही येतो. मी म्हटलं, तुम्ही इथून हलायचं नाही, पाणी चढतंय. गेटवर वॉचमनने गेटपास मागितला. मी म्हटलं, परत येऊन देते.

खिडकीतून जे समोर दिसतं ते खाली उतरल्यावर दिसत नाही. मी भिंतीला वळसा घालून पोचले, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात पाय टाकला, तर समोर नुसती तिवरं. एक तुकडा दिसला, तो ओढून बांधावर टाकला. पुढे काय, कळेना. पाणी मुळांमधून आवाज न करता आत येत होतं. हिराजी आजोबा येऊन पोचले, ते माझ्यापेक्षा भराभर चालत होते, पण तेही शोधतच होते.

तेवढ्यात वरून आवाज आला. "टीचर, डावीकडे."

मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत सगळा वर्ग होता. "डावीकडे, टीचर. झाडाच्या मागे." मी डावीकडे गेले. तिथे डोकं होतं. "आजोबा, तुमच्या पाठीमागे," ऋतुजाचा आवाज. आजोबा वळले, त्यांना पर सापडला. मग आवाज वाढत गेले, खालच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या, लहान वर्गांतली मुलंही दाखवायला लागली, एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे, आणि विहानचा आवाज सगळ्यांच्या वर, "एक एक जण बोला रे, टीचर कन्फ्यूज होतायत." आयुष्यभर मी मुलांना फळ्याकडे बोट दाखवून समजावत आले. त्या दुपारी मुलं बोट दाखवत होती आणि मी जात होते.

मोठे तुकडे आम्ही बांधावर काढले. पण थर्माकोल मोडला की त्याचे दाणे सुटतात. ते पाण्यावर पसरले होते, निळे-पांढरे, ओंजळीत घेतले तर बोटांच्या फटींतून निसटणारे. त्यांचं काही करता आलं नाही. आणि शेपूट राहिलं. ते तिवरांच्या पार पलीकडच्या टोकाला अडकलेलं होतं, वर्ग ओरडून सांगत होता, मी निघालेही. आजोबांनी माझं मनगट धरलं. "टीचर, नको. तिकरं पाय लागनार नाय."

"जवळ आहे हो."

"जवळ हाय म्हनून लोकं बुरतान."

मी थांबले. पाण्याने शेपूट उचललं, ते झाडातून सुटलं आणि मोकळ्या खाडीत गेलं. थोडा वेळ तिथेच गोल फिरत राहिलं. मग भरती थांबली, पाणी उलटलं, आणि ते बंदराच्या क्रेनांच्या दिशेने चाललं. वरचे आवाज एकेक करून बंद झाले.

हिराजी आजोबांनी मात्र पोटाचा सगळ्यात मोठा तुकडा काखेत मारला होता. म्हणाले, "ह्यो मी नेतंव. जालं तरंगायला बुचं करीन."

"आजोबा, म्हणजे परत समुद्रातच."

"मंग काय, बुचं डोंगरावर लावू?"



मी वर्गात गेले तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. मुलं बाकांवर बसली होती, कोणी सांगितल्याशिवाय. मी खडू घेतला. एक मुलगी म्हणाली, "टीचर, ते शेपूट आता कुठे जाईल?" मी फळ्यावर खाडी काढली, बंदर काढलं, उरणचा किनारा काढला, त्यापुढचा मोकळा समुद्र काढला. तुकडे कसे होतील, तुकड्यांचे तुकडे कसे होतील, आणि मग ते कोण खाईल, हे सांगितलं. ऋतुजा म्हणाली, "म्हणजे जिताडा." मी म्हटलं, हो. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. समुद्राच्या संरक्षणावर मी घेतलेला तेवढाच खरा तास, बाकीचे नुसते झाले.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मी उभीच राहिले.

"तुला काही झालं असतं तर?"

"खरं आहे, मॅडम."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तुम्ही उद्या म्हणालात."

त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "बस." मी म्हटलं, खुर्चीला चिखल लागेल. "लागू दे," त्या म्हणाल्या आणि चहा मागवला. नंतर ऋतुजाने सांगितलं की दुपारभर मॅडम वर्गातच होत्या, मुलांच्या मागे उभ्या, आणि शेपूट गेलं तेव्हा चष्मा काढून पुसत होत्या.

असं वाटेल की यानंतर काहीतरी बदललं. ग्रुपवर व्हिडिओ फिरला. निम्म्या पालकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, निम्म्यांनी विचारलं की टीचर चिखलात होत्या तेव्हा वर्ग कोण घेत होतं. विहानच्या आईने एका बुटाचा फोटो टाकला. शाळेने ठरवलं, पुन्हा थर्माकोल नाही. म्हणून पुढच्या वर्षी फ्लेक्सवर छापलेला देवमासा आला, त्याच्या पुढच्या वर्षी फुग्यांचा. विहानचे आईवडील खारघरला गेले, त्याची शाळा बदलली. ऋतुजा आता दहावीत आहे. मला वाटत होतं ती सायन्स घेईल, समुद्रावर काही करेल. परवा विचारलं तर म्हणाली, "कॉमर्स, टीचर. टेन्शन कमी असतं." मी हो म्हटलं. तिच्याही डोक्यावर किती लादायचं.

कधीकधी वाटतं, आपण मुलांना समुद्र शिकवतो तो आपल्या सोयीसाठी. त्यांच्या वहीत वाचला की आपल्याला बाहेर वाचवावा लागत नाही. बाहेर खाडीच्या तोंडाशी भराव पडतात, भरावावर टॉवर उभे राहतात, टॉवरांना समुद्राची नावं मिळतात, आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवरून मुलं माझ्या वर्गात येतात. मग मी म्हणते, बाळांनो, समुद्र वाचवा. बारा वर्षांच्या पोरांना. ज्यांना रस्ता ओलांडायलाही कोणाचं तरी बोट धरावं लागतं.

काल नवा डेकोरेटर हॉलचं माप घ्यायला आला. प्रिन्सिपल मॅडम त्याच्याबरोबर होत्या, माझा सातवीचा वर्ग खुर्च्या हलवायला होता. ही मुलं तेव्हा चौथीत होती. त्याने मोबाइलवर डिझाइन दाखवलं, निळ्या लाटांची कमान, वर डॉल्फिन. मॅडम म्हणाल्या, थर्माकोल नको. तो म्हणाला, "नाही मॅडम, फोम शीट आहे. एकदम इको-फ्रेंडली."

वर्गातली एक मुलगी, जी एरवी प्रार्थनेतसुद्धा मोठ्याने म्हणत नाही, ती खुर्ची खाली ठेवून म्हणाली, "अंकल, नंतर हे कुठे टाकणार?"

त्याने हसून घेतलं. "वो हमारा टेन्शन है, बेटा."

"पण कुठे?"

"डम्पिंगला."

"कुठल्या?" दुसरा मुलगा म्हणाला. "टेम्पो कुठून जाणार?"

डेकोरेटरने मॅडमकडे बघितलं. त्यांनी मध्ये पडावं, मुलांना खुर्च्या उचलायला सांगावं, अशी त्याची अपेक्षा असावी. मॅडमनी हातातली फाइल बंद केली. म्हणाल्या, "सांगा ना त्यांना."

त्याने टेप गुंडाळली, पुन्हा उघडली, कानामागे खाजवलं. मुलं एकेक करून खुर्च्या खाली ठेवत गेली आणि त्याच्याभोवती उभी राहिली. मला तास होता, जायला उशीर होत होता. मी गेले नाही. तो काय उत्तर देतो, ते ऐकायला मीही त्यांच्यातच जाऊन उभी राहिले.